खोक्याचा फोटो सगळ्यांना, ड्रिल मात्र कुणालाच नाही

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे गृहस्थ चाळिशीतले, मशीन मेंटेनन्सच्या कामात. शाळेतल्या अकरा मित्रांचा जुना व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गेल्या दोनेक वर्षांत हातात थोडे पैसे खेळायला लागले तशी टूल्स, गॅजेट्स, घड्याळं घ्यायला सुरुवात झाली आणि प्रत्येक खरेदीचा फोटो ग्रुपवर, वर "घरात नवीन पाहुणा". कॉर्डलेस ड्रिल, धातूला भोकं पाडायच्या एचएसएस बिट्सचा सेट, बारीक मापं घेणारं डिजिटल कॅलिपर, ठरवलेल्या जोरानेच नट आवळणारा टॉर्क रेंच, हेडलॅम्प, आणि आता निळ्या डायलचं ऑटोमॅटिक घड्याळ. आधी दणकून प्रतिसाद यायचा, मग नुसते अंगठे, आणि घड्याळाच्या फोटोनंतर एका जवळच्या मित्राने ह्यांना एकट्याला मेसेज केला, "जरा कमी टाकत जा रे, सगळ्यांचे दिवस सारखे नसतात." ते ह्यांना लागलं. पैसे माझे, कुणापुढे हात पसरले नाहीत, मग चार मित्रांना आनंदात घेतलं तर बिघडलं काय, असं म्हणणं. जाताजाता आणखी तीन गोष्टी आल्यात. घरी बायकोला किंमत निम्मीच सांगतात. घड्याळ दिवसाला बारा सेकंद पुढे जातं म्हणून मनातून खट्टू आहेत पण हे कुणाला बोललेले नाहीत. आणि ह्याच मित्राने मागे घरातल्या दोन भोकांसाठी ड्रिल मागितलं होतं, तेव्हा "अजून वॉरंटीत आहे रे" म्हणून टाळलं. विचारतायत की मी शो-ऑफ करतोय का, फोटो टाकणं बंद करू का, की ह्यातलं कळणाऱ्या माणसांचा वेगळा ग्रुप धरू?

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मी तुमच्याच बाजूने होते, म्हटलं मित्र उगाच कुरकुरतोय, आणि उत्तर निम्मं लिहूनही झालं होतं. मग परत वरून वाचत आले तर ते ड्रिल मागितल्याचं वाक्य दिसलं, आणि तुम्ही ते चक्क कंसात टाकलंय. डायलच्या निळ्या रंगावर सहा ओळी आणि हे कंसात! त्याच्यावर येतेच, पण आधी तुमचा मोठा प्रश्न घेऊ.

शो-ऑफ करताय का? थोडा करताय, हो. मी पण करते. माझ्याकडे एक छोटं रोटरी टूल आहे, घासायला, कापायला, पॉलिश करायला, सोबत चाळीसेक अॅक्सेसरीज. ते आलं त्या संध्याकाळी मी त्या सगळ्या टेबलावर रांगेत मांडल्या, दिवा हलवून हलवून फोटो काढला आणि सात जणांना पाठवला, आजपर्यंत त्या चाळीसपैकी वापरल्यात फक्त तीन. म्हणजे खरं तर तो फोटो काढणं हेच त्या टूलचं माझ्याकडून झालेलं सगळ्यात मन लावून केलेलं काम. त्यामुळे मी काही उंचावर बसून तुम्हाला सांगत नाहीये.

पण दाखवावंसं वाटणं वेगळं आणि काय दाखवलं ते वेगळं, ह्या दोघांची तुम्ही गल्लत करताय असं मला वाटतं. तुमच्या घड्याळाचंच बघा. सेइकोने १९६९ च्या डिसेंबरात पहिलं क्वार्ट्झचं, म्हणजे बॅटरी आणि क्रिस्टलवर चालणारं, मनगटी घड्याळ विकायला आणलं आणि अचूक वेळेचा प्रश्न जवळजवळ तिथेच मिटला. आजच्या साध्या बॅटरीच्या घड्याळातला क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि ते घड्याळ महिन्याला पंधराएक सेकंदांच्या आत-बाहेर राहतं. तुमचं दिवसाला बारा, म्हणजे महिन्याला सहा मिनिटं. मग वेळ बघायला कुणी ऑटोमॅटिक घेत नाही, नाही का? घेतो ते ह्यासाठी की आत एक रोटर असतो, तो आपल्या हाताच्या हालचालीने फिरतो, त्याने स्प्रिंग भरते, बॅटरी-बिटरी काही नाही, आणि हे सगळं कुणीतरी डोकं चालवून एवढ्याशा जागेत बसवलंय. असलं काही हातात आलं की माणसाला "अरे हे बघ ना" असं होणारच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि ते बंदही करू नका.

आता तुमच्या फोनमधले ग्रुपवर टाकलेले मागचे दहा फोटो काढून बघा. मी पैजेवर सांगते, त्यातल्या आठात खोकं आहे. सीलबंद खोकं, उघडलेलं खोकं, फोमच्या खाचेत बसलेली वस्तू, मग मनगटावर. रोटर फिरतानाचा व्हिडिओ आहे का एक तरी? ड्रिलने कशात भोक पाडलं, कॅलिपरने काय मोजलं? खोक्याच्या फोटोतून समोरच्याला एवढंच कळतं की तुम्हाला हे घ्यायला परवडलं, आणि बाकी काहीच कळत नाही. बरं त्यावर त्याने बोलायचं तरी काय? "मस्त", "भारीच", "एक नंबर", झालं. दोन वर्षं दर महिन्याला मस्त म्हणून माणूस थकतो हो, त्यात जळणं वगैरे काही नसतं, नुसता कंटाळा असतो. अंगठे का कमी झाले ह्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आणि गंमत बघा, ज्याच्यावर मित्रांना खरंच बोलता आलं असतं ते तुम्ही लपवून ठेवलंत. बारा सेकंद! तुम्हाला वाटतंय आपण फसलो. नाही फसलात. क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेच्या चाचणीत पास झाल्याचं, सर्टिफिकेट मिळालेल्या घड्याळांनासुद्धा दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते, साध्या ऑटोमॅटिक मशीनला तर कंपन्या स्वतःच ह्याहून कितीतरी जास्त धरतात, त्यामुळे बारा म्हणजे घड्याळ ठणठणीत आहे. वाटल्यास आठवडाभर रोज रात्री वेगवेगळ्या स्थितीत काढून ठेवा, एकदा डायल वर, एकदा चावी खाली, आणि सकाळी फोनच्या वेळेशी ताडून वहीत आकडा लिहा. स्थितीनुसार गती थोडी बदलते, काही जण रात्री ठेवायची पद्धत बदलूनच दिवसभराची चूक भरून काढतात. काळजी कधी करायची, तर अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर. तेव्हा बहुतेक ते चुंबकाजवळ राहिलेलं असतं, स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, बॅगेचं चुंबकाचं बटण असलं काहीतरी, आणि आतली केसासारखी बारीक स्प्रिंग स्वतःलाच चिकटायला लागते. घड्याळवाल्याकडे त्यातलं चुंबकत्व काढायचं यंत्र असतं, काम काही सेकंदांचं.

हे सगळं तुम्ही ग्रुपवर "घड्याळ बारा सेकंद पुढे पळतंय, माझं डोकं फिरलंय" असं टाकलं असतं तर? कुणीतरी आजोबांच्या चावीच्या घड्याळाची गोष्ट सांगितली असती, कुणीतरी तुमची टेर खेचली असती, ज्याला घ्यायचं नाही त्यालाही काहीतरी बोलायला मिळालं असतं. माझ्या ओळखीतल्या एकाने मागे काचेच्या आत वाफ धरलेल्या घड्याळाचा फोटो टाकला होता, खाली लिहिलं, "पाठीवर ३० मीटर लिहिलंय म्हणून पोहायला घालून गेलो." तीस मीटर म्हणजे तीस मीटर खोल न्यायचं नसतं, हात धुताना उडालेलं पाणी सहन होईल एवढाच त्याचा अर्थ, पोहायला शंभर तरी लागतं, आणि हे त्याच्यासकट आमच्यापैकी निम्म्यांना माहीत नव्हतं. त्या एका फोटोने तीन जणांची घड्याळं वाचली असतील. त्याची फजिती झाली ती झाली, पण तो फोटो आम्हाला अजून आठवतो, आणि त्याच्या आधीच्या खोक्यांचे फोटो मात्र एकालाही आठवत नाहीत.

आता मित्र. तुम्ही धरून चाललायत की त्याला तुमचं चांगलं बघवत नाही. असेलही, माणूस आहे. पण बाकीचे नऊ जण अंगठा दाबून पुढे गेले आणि ह्या एकाने बसून वाक्य टाइप केलं, तेही ग्रुपवर चारचौघांत नाही, तुम्हाला एकट्याला. ज्याला फक्त जळायचं असतं तो एवढी तसदी घेत नाही, तो ग्रुप म्यूट करतो. आणि "सगळ्यांचे दिवस सारखे नसतात" ह्यातला "सगळ्यांचे" हा शब्द जरा परत वाचा. स्वतःचे दिवस वाईट चालले असले की माणूस "माझे" म्हणत नाही, "सगळ्यांचे" म्हणतो. नोकरीचं असेल, घरातलं आजारपण असेल, किंवा काहीच नसेल आणि त्या दिवशी नुसतं डोकं दुखत असेल, तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. तुमचं उत्तर काय होतं, तर पैसे माझे. अहो, तो पैशाबद्दल बोललाच कुठे?

आणि इथे ते कंसातलं वाक्य येतं. त्याच्या जागी बसून बघा. ड्रिलचे चार बाजूंनी चार फोटो त्याच्या फोनमध्ये आलेत, चकचा, म्हणजे बिट धरणाऱ्या तोंडाचा, क्लोज-अप आलाय, आणि त्याला हवी होती दोन भोकं, तर उत्तर मिळालं वॉरंटी. वॉरंटी असते कंपनीकडून काही सदोष आलं असेल तर, मित्राने रविवारी दोन भोकं पाडली म्हणून ती सहसा जात नाही, हे तुम्हाला मेंटेनन्समध्ये राहून माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भीती ओरखड्याची होती. ती मला कळते, नव्या वस्तूवरचा पहिला ओरखडा स्वतःच्या हातून पडला तरी पोटात गोळा येतो. पण "शेअर करतो" हा शब्द तुम्ही पत्रात नऊ वेळा वापरलाय (मोजलं मी), आणि नऊही वेळा फोटोबद्दल.

गैरसमज नको, मी सगळं वाटत सुटा असं म्हणत नाहीये. टॉर्क रेंच कुणाला देऊ नका, सख्ख्या भावालाही. लोक त्याने गंजलेले नट सोडवायला जातात, काम झाल्यावर सेटिंग कमीत कमीवर न आणता तसाच ताणलेला ठेवून देतात, आणि मग त्याने आवळलेलं खरंच तेवढं आवळलंय का ह्यावर तुमचा विश्वास उरत नाही. कॅलिपरचंही तेच, ते एकदा सिमेंटच्या फरशीवर टोकावर पडलं की बाहेरून दिसतं छान पण जबडे मिटल्यावर शून्य येत नाही किंवा मधून उजेड दिसतो. मोजमापाची हत्यारं आपली आपल्याकडे. पण ड्रिल हे मार खायलाच बनवलेलं असतं. ते द्या, आणि त्याहून चांगलं म्हणजे ते घेऊन स्वतः जा. तुमचा जीवही वरखाली होणार नाही, त्याचं कामही नीट होईल, आणि एका हाताने भिंत धरून दुसऱ्या हाताने व्हॅक्यूमची नळी धरलेल्या माणसाशी जे बोलणं होतं ना ते मेसेजवर होत नाही. इतर वाचकांसाठीही सांगते, वस्तू द्यायची असेल तर पूर्ण द्या, बॅटरी भरून, लागणाऱ्या बिट्ससकट, आणि कुणाला कधी दिली ते फोनमध्ये लिहून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी मनातल्या मनात संशय घेत बसायला नको. आणि द्यायची नसेल तर "ही मी देत नाही" असं सरळ म्हणा. लोकांना नकार पचतो, बहाणा मात्र नीट लक्षात राहतो.

फोटो एकदम बंद करू का असं विचारलंत. नको. आत्ता बंद केलेत तर ते रुसणं होईल, दहाही जणांना ते कळेल, आणि मित्राला वाटेल आपण तोंड उघडून चूक केली. त्याऐवजी एक नियम लावून घ्या, वस्तू घेतल्यावर एक महिना ग्रुपवर काही टाकायचं नाही. महिनाभर वापरायची, मग टाकायची, आणि टाकताना तिने केलेलं काम दाखवायचं, त्यातली एक खोड सांगायची. ह्याचा आणखी एक उपयोग तुमच्या लक्षात येईल, खरेदीचं बटण दाबताना मनात येईल की हे महिनाभर कुणाला दाखवता येणार नाहीये, आणि तरीही हवंसं वाटलं तर खुशाल घ्या. मी हे करून बघितलं तेव्हा पहिल्या चार महिन्यांत दोन वस्तू कार्टातच राहिल्या. तिसरी घेतली ती अजून रोज वापरते, तिचा फोटो टाकायचा राहूनच गेला.

जाणकारांचा वेगळा ग्रुप धरायलाही हरकत नाही, तिथे शिकायला खूप मिळतं. तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल की १८ व्होल्ट आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं २० व्होल्ट मॅक्स ही बहुतेक तीच बॅटरी असते, आत तेच पाच सेल, एकेक ३.६ चा धरला तर १८ होतात आणि फुल चार्ज झाल्या झाल्या मोजले तर २० च्या घरात जातात, म्हणजे एवढ्यासाठी नवीन ड्रिल घ्यायला नको. पण तिथे धोका असा की सगळेच घेत असतात. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या टूलला सहसा बसत नाही, म्हणून ड्रिल ज्यांचं त्यांचाच ग्राइंडर, मग त्यांचीच करवत, मग ब्लोअर, "बॅटरी तर आहेच, नुसती बॉडी घ्यायची" हे वाक्य तिथे रोज कुणीतरी म्हणतं आणि ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! शाळेतले दहा जण तुम्हाला असलं काही म्हणणार नाहीत. म्हणून तो ग्रुप शिकायला ठेवा, पण जुन्याच्या बदल्यात नको.

घरी निम्मी किंमत सांगायचं म्हणाल तर हे ग्रुपचं प्रकरणच नाही, तरी पत्रात आलंय म्हणून सांगते. खरी किंमत दहा मित्रांना माहीत आहे आणि बायकोला नाही. ह्यातल्या एखाद्या मित्राची बायको एक दिवस बोलून जाणार, आणि त्या दिवशी भांडण घड्याळावरून होणार नाही. एकदाच बसून खरा आकडा सांगा आणि महिन्याला दोघांचीही एकेक रक्कम ठरवा जिच्यावर दुसऱ्याने प्रश्न विचारायचा नाही. आधी थोडी वादावादी होईल, होऊ दे.

आणखी एक, सगळ्यांसाठीच. फोटो टाकण्याआधी तो मोठा करून कडेकडेने बघा. कुरियरच्या लेबलवर तुमचा पत्ता आणि नंबर असतो, बिलावर असतो, वॉरंटी कार्डावर आणि घड्याळाच्या पाठीवर सिरीयल नंबर असतो, तो दुसऱ्याच्या हाती पडलेला बरा नाही. आणि महागाची वस्तू दाखवून त्याच दिवशी "निघालो आठ दिवसांसाठी" हे तर नकोच.

राहिला तुमचा मित्र. मोठी माफी लिहीत बसू नका, त्यालाच अवघडल्यासारखं होईल, आणि "काही अडचण आहे का" असंही विचारू नका. एवढंच पाठवा: "बोललास ते बरं केलंस. ड्रिल चार्ज करून ठेवलंय, भोकं कुठे पाडायचीयत सांग, रविवारी घेऊन येतो." आतापर्यंत त्याने दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असेल, बहुतेक घेतलंच असेल, तरी पाठवा. आणि जायचं झालं तर निघण्यापूर्वी काँक्रीटचं बिट घ्या, ड्रिलला हॅमर मोड, म्हणजे फिरताना ठोकेही मारायची सोय, आहे ना तेही बघा, कारण तुमच्या यादीत मला धातूचाच सेट दिसतोय आणि त्या बिटने भिंतीत भोक पडायच्या आधी बिटच तापून निळं पडेल.